माझा नवरा घाबरायचा

माझ्या नवऱ्याचा अर्धपुतळा आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, नाशिकरोडकडे वळणाऱ्या चौकात आहे. भाजी आणायला निघाले की वाटेत लागतो. पुतळ्याच्या मिशा पिळदार आहेत. माझ्या नवऱ्याची मिशी एवढीशी होती, ताक प्यायला की तेवढ्यापुरती नजरेत भरायची. मूर्तिकाराला मी चांगले फोटो दिले होते. ते बघून तो म्हणाला, ताई, लोकांना फौजदार दिसला पाहिजे. मिशीवर मी भांडले नाही. प्रत्येक गोष्टीवर भांडत बसले तर शाळेत गणित कोण शिकवणार? पण पुतळ्याखालच्या काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत एक ओळ कोरलीय, ती मला अजून गिळवत नाही. भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, असं तिथे लिहिलंय.

ज्याने लिहिलं त्याने आमच्या घरात एक बंदोबस्ताची सकाळ काढायला हवी होती. निवडणूक असो, मिरवणूक असो, सिंहस्थातली पर्वणी असो, बंदोबस्त म्हटला की माझ्या नवऱ्याच्या पोटात गोळा यायचा. नुसता बोलण्यातला गोळा नाही, खराखुरा. उठल्यापासून तो संडासाच्या फेऱ्या मारायचा. आमच्या पोलीस क्वार्टरमध्ये संडास एकच. त्यामुळे त्या सकाळी मी आणि मुलगी आपापलं लवकर उरकून घ्यायचो आणि रस्ता मोकळा ठेवायचो. मुलगी तेव्हा लहान होती. तिला वाटायचं, पप्पांना बाहेरचं खाणं बाधतं. आम्हीही तसंच सांगायचो.

फेऱ्या झाल्या की तो पलंगाच्या कडेवर बसायचा. अंगात गणवेशाची पँट, वर बनियन. मग मला म्हणायचा, भीती वाटतेय गं. हे तो लाजून म्हणायचा नाही, आज उकडतंय म्हणावं तसं म्हणायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याला धीर द्यायला गेले. काही होत नाही, वगैरे. तो चिडला. म्हणाला, काही होत नाही हे तुला कुणी सांगितलं? होऊ शकतं म्हणून तर मला पाठवतात. तेव्हापासून मी धीर देणं बंद केलं. तो भीती वाटतेय म्हणाला की मी बरं म्हणायची आणि ओव्याची पुडी त्याच्या खिशात घालायची. एकांतात मी त्याला अरे-तुरे करायची आणि लोकांसमोर अहो. त्या पलंगावर बसलेला माणूस अरे-तुरेमधला होता. तो मला फार आवडायचा, हे इथे स्पष्टच सांगते.

शिपाई म्हणून भरती होऊन तो खात्यातली परीक्षा देत देत फौजदार झाला. हाताखाली माणसं आली तशी त्याने स्वतःची एक पद्धत काढली. बंदोबस्ताला निघण्याआधी सगळ्यांना गोळा करून तो विचारायचा, कुणाचं पोट बिघडलंय? सुरुवातीला कुणी हात वर करायचं नाही. मग तो स्वतःचा हात वर करायचा. हळूहळू दोन-चार हात उठायचे. ज्यांचे हात उठायचे त्यांना तो गर्दीच्या तोंडाशी, स्वतःजवळ ठेवायचा. ज्यांची छाती पुढे आणि हात खाली, त्यांना मागे, गाड्यांपाशी. मला हे उलटं वाटलं. वर्गातली कच्ची मुलं मी पहिल्या बाकावर बसवते, तसं काही असेल असं मी समजले. तो म्हणाला, तसं नाही. ज्याला भीती वाटत नाही तो काठी आधी उचलतो. घाबरलेला माणूस आधी समोरच्याचं तोंड बघतो, हा चिडलाय की नुसता ओरडतोय ते ओळखतो. काठी त्याच्याच हातात बरी.

या पद्धतीबद्दल वरिष्ठांनी त्याची एकदा चेष्टा केली होती. त्याने ती हसून घेतली आणि पद्धत बदलली नाही. त्याच्या बंदोबस्तात लोकांची डोकी कमी फुटली, असं त्याच्याबरोबर काम केलेले हवालदार सांगतात. मी आकडे मागितले नाहीत. गणिताची बाई असूनही नाही मागितले.

तो गेला तेव्हा त्याची बदली ग्रामीण भागात झाली होती. मी आणि मुलगी नाशिकमध्येच राहिलो, तो सुट्टीला यायचा. त्या वर्षी कांद्याला भाव होता. नांदगावकडच्या एका शेतकऱ्याच्या, कांदा साठवायच्या चाळीतला माल पिकअपमध्ये भरून चोर मनमाडच्या दिशेने निघाले, अशी खबर आली. माझ्या नवऱ्याने रस्त्यावर नाकाबंदी लावली. नुकतंच उजाडलं होतं. त्याने मला फोन केला, मी डबे भरत होते. पोट ठीक नाही म्हणाला. मी म्हटलं, ओवा खा. तो म्हणाला, खातोय, खिशातच आहे. एवढंच बोलणं झालं. पुढे लोकांनी मला फार कळवळून विचारलं की शेवटचं काय बोललात, आणि ओवा म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. काहींना वाटलं की याचं मला आयुष्यभर वाईट वाटत असणार. मला मुळीच वाटत नाही. नेहमी जे बोलायचो तेच आम्ही बोललो.

त्याने माणसांना जीपच्या आडोशाला उभं केलं आणि स्वतः पुढे हात वर करून उभा राहिला. पिकअप थांबली नाही. बॅरिकेड आणि माझा नवरा, दोन्ही तिने उडवलं. चोर पुढे सापडले. खटला अजून चालू आहे. सगळी गोष्ट एवढीच आहे आणि मला ती एवढीच पुरते. पण लोकांना पुरत नाही. पहिल्या श्रद्धांजली सभेत ते कांदाचोर होते. वर्षश्राद्धाला जमतात तसे लोक वर्षभराने जमले तेव्हा त्यांची आंतरराज्य टोळी झाली. त्यानंतर एका भाषणात त्यांच्याकडे बंदुका आल्या. आमच्या कॉलनीतले एक माजी नगरसेवक स्मारक समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या तोंडून तर मी ऐकलं की माझ्या नवऱ्याने हसत हसत गाडी छातीवर झेलली. मी तिथे खुर्चीवर बसले होते. मनात आलं, हसत हसत? त्या माणसाला फोटो काढतानासुद्धा हसू यायचं नाही.

आम्ही बौद्ध. कपाळ पुसायची, बांगड्या काढायची रीत आमच्यात नाही, आणि असती तरी मी पाळली नसती. भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला गाव लोटला. त्यानंतर माझ्या सासूबाई गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी मोलमजुरी करून एका लेकीला आणि एकुलत्या एका मुलाला शिकवलं होतं. त्यांच्या वस्तीतला तो पहिला फौजदार. तो गणवेश घालून पहिल्यांदा गावात गेला तेव्हा सासूबाई त्याला मुद्दाम वरच्या आळीतून फिरवून आणत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चौकात पुतळा उभा राहणार हे कळल्यावर त्या बऱ्याच दिवसांनी नीट जेवल्या. निर्भय, शूर, वाघ असल्या शब्दांवर त्या जगत होत्या. मला ते दिसत होतं, म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिले.

गप्प राहणं मला महाग पडलं ते मुलीमुळे. तिने पदवी घेतली आणि घरात कुणी काही ठरवायच्या आत कॉलनीने ठरवून टाकलं की ती पोलीस होणार. एका भरती अकॅडमीने तिला फुकट प्रवेश दिला आणि तिचा फोटो बापाच्या फोटोशेजारी लावून मोठा फ्लेक्स केला. शहीद पित्याची वाघीण, असं काहीसं त्यावर होतं. ती सकाळी मैदानावर आठशे मीटर धावायला जायची, गोळा फेकायची. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. खोटं का बोलू? पण थोड्याच दिवसांत तिचा चेहरा उतरला. ती खाईना. मैदानावर जायच्या आधी मोरीत ओकारी काढायची आणि नळ सोडून आवाज लपवायची. पोरीला वाटत होतं, आईला कळत नाही.

एका रविवारी मी तिला समोर बसवलं आणि विचारलं. तिने आधी नळाचं कबूल केलं. मग म्हणाली, ‘मम्मी, मला रोज भीती वाटते. मी पप्पांची मुलगी वाटतच नाही.’

हे ऐकून मला भयंकर संताप आला. तिच्यावर नाही. चौकात नुकत्याच कोरून बसवलेल्या त्या दगडावर, त्या फ्लेक्सवर, आणि हसत हसत झेलणाऱ्या त्या भाषणांवर. माझ्या नवऱ्याला आधी पिकअपने मारलं. आता हे लोक त्याच्या जागी दुसराच कुणी आणून बसवत होते, आणि त्या तोतयासमोर माझी मुलगी स्वतःला नापास करत होती. मी तिला तेव्हाच सगळं सांगितलं. संडासाच्या फेऱ्या, पलंगाची कडा, बनियन, ओवा. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. मग मी काय करू? पुतळ्याचं म्हणणं दगडात कोरलेलं आणि माझं नुसतं तोंडी. पोरीने कुणावर विश्वास ठेवायचा?

पुतळ्याचं अनावरण दहा-बारा दिवसांवर आलं होतं. कार्यक्रमात वीरपत्नीने दोन शब्द बोलायचे, असं ठरलेलं. वीरपत्नीचे दोन शब्द म्हणजे आभार, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी मनाशी ठरवलं की आभार मानायचे नाहीत, खरं सांगायचं. चारचौघांत सांगितलं की मुलीला ते खरं वाटेल. पण सासूबाईंना न सांगता हे करणं मला जमेना. ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या स्वभावात नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या मेथी निवडत बसल्या होत्या, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं.

त्यांना धक्का बसला की नाही, मला कळलं नाही. हातातली मेथी त्यांनी खाली ठेवली. आधी म्हणाल्या, लहानपणी तो असा नव्हता. मग म्हणाल्या, असंल बी. पण त्यावरून त्यांचं मन बदललं नाही. उलट त्या सावरून बसल्या.

‘घरातलं हाय ते घरात राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्या वस्तीतला पयला फौजदार हाय तो. त्याला भित्रं म्हनायला टपलेले लय हायेत गावात. त्यांना आयतं देऊ नको, पोरी.’

त्यांचं खरं होतं. अजूनही आहे. त्या जे म्हणत होत्या ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, मीही त्याच समाजातली. आमच्या माणसाला शंभर वेळा शूर ठरावं लागतं, तेव्हा तो एकदा शूर धरला जातो. पण आत खोलीत माझी मुलगी उद्याच्या मैदानासाठी बूट काढून ठेवत होती, आणि त्या बुटांकडे ती ज्या नजरेने बघत होती ते मला दिसत होतं. मी सासूबाईंना म्हटलं, मी बोलणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, फक्त आधी सांगतेय. त्यांनी मेथी परत हातात घेतली आणि काड्या जोरजोरात खुडायला लागल्या.

अनावरणाला मांडव घातला होता. मोठे पाहुणे आले होते, ते उशिराच आले. चौकात बंदोबस्ताला पोलीस होते, त्यात मुलीही बऱ्याच. अध्यक्षांचं भाषण नेहमीचंच झालं, फक्त या वेळी टोळी परराज्यातून थेट मोठ्या कटासाठी आली होती. मग सूत्रसंचालकाने जड आवाजात माझं नाव घेतलं. मी उठले तेव्हा मला भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या दिवशी तर मुळीच वाटली नाही.

मी आधी सांगितलं की ते लोक कांदाचोर होते. कांदाचोराला अडवताना मेलेला माणूस कमी मेलेला नसतो. मग मी पाहुण्यांकडे न बघता, मागे दोरीला लागून उभ्या असलेल्या पोलिसांकडे बघून म्हणाले, ‘माझा नवरा घाबरायचा. बंदोबस्ताला निघायच्या आधी त्याचं पोट बिघडायचं, दर वेळी. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात काठी देऊ नये, असं तो म्हणायचा. या दगडावर लिहिलंय ते त्याला आवडलं नसतं.’

पोट बिघडायचं म्हटल्यावर समोरच्या खुर्च्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.  अध्यक्ष अर्धवट उठून माइककडे हात करत होते. आणि मागे, शेवटच्या ओळीच्याही पलीकडून, माझ्या नवऱ्याबरोबर काम केलेले एक निवृत्त हवालदार उभे राहिले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागला. त्यांनी काही भाषण केलं नाही. नुसता उजवा हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा, आणि तसाच ठेवला. बंदोबस्तावरच्या पोलिसांना ती खूण ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण हवालदार मोठ्याने म्हणाले की साहेब विचारायचे कुणाचं पोट बिघडलंय, तर माझं बिघडायचं. तेव्हा दोरीजवळच्या एका शिपाई मुलीने आजूबाजूला बघितलं आणि खांद्यापर्यंत हात वर केला. मग आणखी एकाने केला. वरिष्ठांनी वळून पाहिल्यावर हात खाली गेले. पण मी पाहिले होते, आणि माझ्या मुलीनेही पाहिले.

मी स्टेजवरच रडले. लोकांना वाटलं दुःखाने. मी खुशीत होते.

त्यानंतरचे दिवस मात्र वाईट गेले. कुणीतरी माझं बोलणं फोनवर घेतलं होतं. अर्ध्या तासात ते गावोगाव फिरलं, अर्थात पोट बिघडण्याएवढंच कापून. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नात्यातले लोक म्हणाले. हुतात्म्याचा अपमान झाला, असं ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं ते म्हणाले. अध्यक्षांनी फोन करून विचारलं की ताई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? मी म्हटलं, आहे. नवऱ्याचा. त्यांनी फोन ठेवला. सासूबाई दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून मनमाडला लेकीकडे निघून गेल्या. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी येईपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो आणि त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून मी त्यांना थांबवलं नाही, माफीही मागितली नाही, आणि चहा आणून दिला तो त्यांनी घेतला.

मुलगी मात्र बदलली. ती बापाबद्दल प्रश्न विचारायला लागली, आणि ते वाघाबद्दलचे प्रश्न नव्हते. ओवा भाजलेला असायचा की कच्चा? पप्पा परत आल्यावर काय करायचे? परत आल्यावर तो आंघोळ न करता झोपायचा आणि मी शिव्या घालायची, हे तिला इतकं आवडलं की तिने ते दोनदा सांगायला लावलं. ती जेवायला लागली. मला वाटलं, आता पोरगी धावेल. माझं गणित असं होतं की बाप घाबरूनही जायचा हे कळलं की तीही घाबरून का होईना, पण जाईल. तिच्यासाठीच तर मी सगळ्यांशी वैर घेतलं होतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, मम्मी, पप्पांना भीती वाटायची, पण त्यांना जायचंही असायचं ना? मी म्हटलं, हो. त्याला ते काम आवडायचं. ती म्हणाली, मला नुसती भीतीच वाटते. जायचं नाहीये मला. कधीच नव्हतं. मी घाबरट आहे असं वाटायचं, म्हणून नाही म्हणता येत नव्हतं.

माझं गणित चुकलं होतं. आणि खरं सांगते, मला लागलं. पुतळ्यावर कितीही चिडले तरी कुठेतरी मलाही तिच्या अंगावर तो गणवेश बघायचा होता. कपाटात नवऱ्याचा एक इस्त्री करून ठेवलाय, त्याचा वास अजून येतो. मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगाच भांडी इकडची तिकडे केली. मग परत येऊन तिला म्हटलं, नको जाऊस. तुला काय करायचंय ते सांग. तिला नकाशे काढायला, मोजणी करायला आवडतं. भूमापनाच्या कोर्सबद्दल तिने चोरून चौकशी करून ठेवली होती. ती बोलत होती तेव्हा तिचे खांदे खाली आले होते, आणि मला इतक्या महिन्यांनी पोरगी पोरीसारखी दिसली.

सासूबाई परत आल्या त्या न कळवता, रिक्षाने. आल्या आल्या म्हणाल्या, माझा राग गेलेला नाय, नातीसाठी आलेय. मी म्हटलं, बरं. रात्री मुलीने स्वतःच त्यांच्याजवळ बसून सांगितलं की आजी, मी पोलिसात जाणार नाही. मी दाराआड उभी होते. आता या वयात त्यांच्या हातातून एवढंही काढून घेतोय आपण, असं वाटून मला आत जाववलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पोरीचा हात धरून बसल्या आणि मग झोपल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांनी विषय काढला नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. अकॅडमीतून त्यांना कळलं होतं. माझ्यावर राग असूनही ते सभ्यपणे बोलले, हे मान्य करायला हवं. सोफ्यावर बसून, चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले की झालं गेलं विसरू, पण शहिदाच्या घरातून पुढची पिढी वर्दीत यायला पाहिजे. सगळी कॉलनी वाट बघतेय. पोरीने माघार घेतली तर लोक काय म्हणतील? लोक म्हणतील, बाप घाबरायचा आणि लेकही घाबरली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि हे तुमच्याच बोलण्यामुळे होईल, ताई.

मी तोंड उघडणार होते. पण सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या, अध्यक्षांच्या बरोबर समोर येऊन बसल्या आणि पदर सावरला.

‘घाबरायचा माझा ल्योक,’ त्या म्हणाल्या. ‘घाबरायचा नी जायचा. या घरातनं एक दिलाय आम्ही. आता तुमच्या घरातनं कोन चाललंय, ते सांगा.’

अध्यक्षांना दोन मुलगे आहेत. एक पुण्यात कंपनीत आहे, दुसरा त्यांच्याबरोबर इथेच व्यवसाय बघतो. त्यांनी कप खाली ठेवला.

‘तसं नाही, आजी,’ ते म्हणाले.

‘मग कसं?’ सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत त्यांच्यासमोर बसून राहिल्या.